इंजिन चालू होतं

भिवंडीच्या टेमघरात कमांडरांचं घर विचारलं, तर माणूस आधी विचारणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मगच वाट दाखवतो. ऐऱ्यागैऱ्याला सांगण्यातलं ते नाव नव्हे. सुगत दामू उबाळे. बाप दामू यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करायचा आणि मुलगा नौदलाचं लढाऊ विमान उडवायचा, तेही साध्या धावपट्टीवरून नाही, भर समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजावरून. वर्तमानपत्रात एकदा त्याचा फोटो आला. दामूनं ते कात्रण पाकिटात ठेवलं आणि इतक्यांदा बाहेर काढून दाखवलं की घड्यांवर त्याचे चार तुकडे झाले. मग त्यानं ते चिकटपट्टीनं जोडलं आणि पुन्हा दाखवायला लागला. टपरीवर दामू येताना दिसला की लोक म्हणायचे, "चला, आता विमान येणार." म्हणायचे आणि पुन्हा बघायचे. चेष्टा करणाऱ्यांचीही छाती त्या कात्रणानं फुगत होती.

नोकरी संपल्यावर कमांडर गोव्यातच, नौदलाच्या तळाजवळ राहिले होते. तीन वर्षांपूर्वी बायको धम्मदिना गेली आणि ते एकटेच बापाच्या जागेवर राहायला आले. वय चौसष्ट, पाठ ताठ, बूट चकचकीत, बोलणं मोजकं आणि डावा हात कायम खिशात. वस्तीला ती ऐट वाटायची. असली ऐट वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

वैमानिकांची एक रीत असते. उड्डाण करून उतरलं की सगळे एका खोलीत बसतात आणि ज्यानं त्यानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. तिथं हुद्दा बघायचा नाही, लाज बाळगायची नाही. आज एकानं लपवलेली चूक उद्या दुसऱ्याला मारते, म्हणून. कमांडरांनी ही रीत निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. खोलीत बसायला कुणी उरलं नाही तेव्हा त्यांनी वही केली. रोज दिवेलागणीला ते त्यात लिहीत: "दूध उतू गेलं. लक्ष फोनमध्ये होतं." "रिक्षावाल्याशी उर्मट बोललो. तो बरोबर होता." "गोळी घेतली की नाही ते न आठवता दुसरी घेतली." अशा वह्यांनी कपाटाचा एक खण भरला होता. फक्त एक चूक त्यात नव्हती. ती सोडून बाकीच्या लिहिणं म्हणजे घर पेटलेलं असताना अंगण झाडत बसणं, हे त्यांनाही कळत होतं.

ती चूक तेहतीस वर्षांपूर्वीची.

ते विमान अजब होतं. जहाजाजवळ येऊन हवेत उभं राहायचं आणि मग हळूहळू डेकवर उतरायचं. पोटाच्या दोन्ही बाजूंना इंजिनाच्या झोताची तोंडं होती. ती जमिनीकडं वळवली की विमान हवेत उभं राही, मागं वळवली की पुढं पळे. वैमानिकाच्या डाव्या हाताशी दोन दांडे, एकमेकांना लागून. एकानं इंजिनाचा जोर वाढायचा, दुसऱ्यानं झोताची तोंडं फिरायची. शिकवणारे पहिल्या दिवशी बजावत आणि शेवटच्या दिवशीही बजावत, की हात कुठल्या दांड्यावर आहे ते बघा.

ऑक्टोबरातली दुपार होती. पावसाचा एक पट्टा जहाजावरून सरकत होता आणि सुगत उबाळे डेकच्या बाजूला, पाण्यापासून नव्वद फुटांवर विमान उभं धरून होते. विमान किंचित खाली बसतंय असं त्यांना वाटलं. जोर वाढवायला त्यांनी दांडा पुढं ढकलला. दांडा दुसरा होता. झोत मागं वळला, खालचा आधार गेला आणि विमान पाण्याकडं सुटलं. सुटकेच्या खुर्चीची कडी ओढण्यापुरता वेळ मिळाला. ते बाहेर फेकले गेले, विमान बुडालं. त्या जागी समुद्र इतका खोल होता की ते पुन्हा कुणाच्या हाती लागलं नाही.

हेलिकॉप्टरनं त्यांना उचलून आणलं. अंगावर ब्लँकेट, दातावर दात वाजतायत, आणि एका वरिष्ठानं वाकून विचारलं, "इंजिन गेलं ना?" सुगत उबाळेंनी मान हलवली.

मान का हलवली, ते त्यांनी स्वतःला हजार वेळा विचारलं होतं. आठवडाभरापूर्वी मेसमध्ये पाठीमागून एक वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं: "कोट्यातले हात आहेत, जपून." तिथं कोटा नसतो हे बोलणाऱ्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. चूक उबाळेची ठरली असती तर ती एकट्या उबाळेची राहिली नसती. टेमघरची झाली असती, चिकटपट्टी लावलेल्या त्या कात्रणाची झाली असती, मागून येऊ पाहणाऱ्या प्रत्येक पोराची झाली असती. कारण खरं होतं हो. पण त्या खऱ्या कारणाखाली चिरडला गेला तो भलताच माणूस.

त्याचं नाव केसरीनाथ तरे. अंजूरचा, खाडीकाठच्या आगरी घरातला, त्या विमानाचा मेकॅनिक. हजारावर माणसांच्या जहाजावर भिवंडीकडचे हे दोघेच. एक अधिकारी, दुसरा खलाशी, तेव्हा गळ्यात गळे घालण्याचा प्रश्न नव्हता. पण केसरीनाथ सुट्टीवरून आला की तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी रुमालात बांधून आणायचा, आणि हँगरच्या कोपऱ्यात कुणी बघत नाही असं पाहून पुढं करायचा. "खा साहेब, आपल्याकडचा हाय." उड्डाणाआधी पट्टे आवळून झाले की साहेबांच्या हेल्मेटवर दोन थापा मारायचा. त्या दोन थापा पडल्याशिवाय सुगतना निघाल्यासारखं वाटत नसे.

अपघाताच्या आदल्या दिवशी केसरीनाथनं इंधनाचा एक पाइप बदलला होता. कागदावर शेवटची सही त्याची. चौकशीत तो उभा राहून म्हणाला, "मी डेकवर होतो. इंजिनाचा आवाज पाण्याला टेकेपर्यंत तुटला नाही." पण वैमानिक म्हणतो इंजिन गेलं आणि विमान तर समुद्राच्या तळाशी. नुसत्या कानाच्या साक्षीवर निकाल कसा लागणार? केसरीनाथचा हुद्दा गेला आणि वर्षभरात नोकरीही गेली. तो बोलत होता तेव्हा सुगत उबाळे त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि फरशी बघत होते.

हे त्यांनी आयुष्यात फक्त धम्मदिनाला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा." पुन्हा तिनं विषय काढला नाही, आणि यांनीही नाही. टेमघरला आल्यावर अंजूर हाकेच्या अंतरावर आलं. तीन वर्षांत कमांडर चार वेळा अंजूरच्या रिक्षा सुटतात तिथवर गेले आणि चारही वेळा भाजी घेऊन परत आले.

यंदा वस्तीनं बुद्धविहाराशेजारी मुलांसाठी अभ्यासिका बांधली आणि तिला कमांडरांचं नाव द्यायचं ठरवलं. दसऱ्याला उद्घाटन. त्यांची पुतणी संघरत्ना पालिकेच्या शाळेत शिकवते, सगळी धावपळ तिचीच. ती एका सकाळी भला मोठा फोटो घेऊन आली. गणवेशातले तरणेबांड सुगत उबाळे, मागं विमान.

"काका, खाली काय लिहायचं? मी म्हटलं, 'न चुकणारा हात' असं लिहू. पोरांना जरा जोर येतो."

"ते नको," कमांडर म्हणाले.

"मग काय लिहू?"

"नुसतं नाव लिही. किंवा काहीच नको."

"तुमचं म्हणजे ना, सगळ्याला नाहीच." फोटो भिंतीला टेकवून ती शाळेला पळाली. कमांडरांनी तो उलटा फिरवून ठेवला.

तासाभरात दारात एक तिशीतली बाई उभी राहिली. घामाघूम, हातात हेल्मेट.

"मी निशा. अंजूरहून आले. केसरीनाथ तऱ्यांची मुलगी."

कमांडरांचा खिशातला हात आवळला. हा दिवस येणार हे त्यांनी धरलंच होतं. शिव्या कशा ऐकायच्या, त्याचीही मनात तयारी करून ठेवली होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"बाबांनी पाठवलंय," निशा म्हणाली. "त्यांना तुमची माफी मागायचीय."

कमांडरांना वाटलं, आपण चुकीचं समजलो. "माझी माफी?"

"दर वर्षी अपघाताची तारीख आली की बाबा वज्रेश्वरीला चालत जातात. अंजूरपासून, अनवाणी. पहाटे निघतात ते संध्याकाळी पोचतात. देवीपुढं नारळ ठेवतात आणि म्हणतात, माझ्या हातून चाललेला जीव तू परत दिलास. तुमचं नाव घेऊन म्हणतात. मी लहानपणी विचारायचे, हे सुगत साहेब कोण? यंदा चालवत नाही. कंपवात झालाय, हात थांबत नाहीत. म्हणतात, देवीकडं जाता येत नाही, तर साहेबांनाच एकदा भेटव."

"पण चौकशीत तर ते म्हणाले होते की इंजिन…"

"चालू होतं. हो. पाच-सहा वर्षं तेच म्हणत होते, माझे कान खोटं बोलणार नाहीत. मग हळूहळू म्हणायला लागले, साहेब भिवंडीचे, माझ्या हातची भाकर खाल्लेले, ते कशाला खोटं बोलतील? माझंच कायतरी राहिलं असणार." निशानं हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "तेव्हापासून त्यांनी पान्याला हात लावला नाही. सायकलची चेन पडली तर सायकल ढकलत घरी यायचे. घरात नळ गळला तरी मिस्त्री बोलवायचा. पैशाला काही कमी नाही, जमिनीवर गोदामं उभी आहेत. पण गावात ज्याला बोटीवरचा मेकॅनिक म्हणायचे, तो माणूस स्क्रू पिळायला घाबरतो."

कमांडर खाली बसले. शिव्या खाण्यासाठी मन तयार होतं, माफीसाठी नव्हतं. तीन वर्षांत चार वेळा भाजी घेऊन परत आलेला हा शूर माणूस त्या पोरीसमोर इतका लहान झाला की त्याला तिच्याकडं बघवेना. एवढंच म्हणाले, "थांबा. मी तुमच्याबरोबरच येतो." आणि कपाटातून चालू वही घेतली.

स्कूटरच्या मागं बसून ते अंजूरला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं, मध्येच भाताचा एखादा तुकडा, कापणीला आलेला. तऱ्यांचं घर दोन मजली, नवंकोरं. अंगणाच्या कोपऱ्यात मात्र ताडपत्रीखाली एक जुनं डिझेल इंजिन गंजत उभं होतं. एके काळी शेताला पाणी देणारं. भंगारवाला दर महिन्याला विचारायचा आणि केसरीनाथ ते विकू देत नसे, दुरुस्तही करू देत नसे.

केसरीनाथ ओटीवर खुर्चीत होता. केस सगळे पांढरे, अंग सुकलेलं, दोन्ही हात मांडीवर थरथरतायत. साहेबांना पाहून तो धडपडत उठला आणि कुणाला कळायच्या आत खाली वाकला. कमांडरांनी त्याचे खांदे धरले. "नको. केसरीनाथ, नको."

"माझ्या हातून तुमचा जीव जात व्हता, साहेब. येवढी वर्सं तोंड दाखवाला लाज वाटली."

"चूक तुमची नव्हती. माझी होती."

केसरीनाथ हसला. किती वर्षांनी हसला असेल कोण जाणे. "निशा, आयकलास? बोललू व्हतू ना, मानूस देव हाय म्हनून. मना बरा वाटावा म्हनून सोताच्या अंगावर घेताव, साहेब."

"मी खरं सांगतोय."

"ऱ्हाव द्या. तुमी आलं, भरून पावलू. निशा, च्या टाक."

कमांडर भांबावले. तेहतीस वर्षं जिभेखाली दाबून ठेवलेलं सत्य शेवटी बाहेर आलं, आणि त्यालाही यांचा मोठेपणा समजून हात जोडले जात होते. दारात निशा डोळे पुसत होती. इथं थांबायचं म्हटलं तर थांबता आलं असतं. चहा पिऊन, आशीर्वाद देऊन, टेमघरला परत. खरं सांगितलं असं मनालाही म्हणता आलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला याची त्यांना किळस आली.

त्यांनी डावा हात खिशातून काढला. खुर्ची पुढं ओढून केसरीनाथच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"केसरीनाथ, इंजिन चालू होतं. तुमच्या कानांनी ऐकलं तेच खरं. पाण्याला टेकेपर्यंत चालू होतं. मी जोर वाढवायला गेलो आणि…" त्यांनी हवेत दांडा धरला आणि पुढं ढकलला. "हा नाही. त्याच्या शेजारचा."

मेकॅनिकला आणखी काय सांगायचं? केसरीनाथ त्या हाताकडं बघत राहिला. हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते हळूहळू उतरलं. बाहेर एक कंटेनर मागं घेत होते, त्याची पीं-पीं चालली होती.

"जोर पुरा व्हता?" त्यानं विचारलं.

"पुरा."

"मधी कुठं अडाकला न्हाय?"

"नाही."

"पाइप?"

"पाइपाला काहीही झालं नव्हतं."

केसरीनाथनं मान डोलावली, जसं काम तपासून घेताना डोलवायचा तशी. मग म्हणाला, "तर मंग तुमी मान का हालवली?"

कमांडरांनी सांगितलं. मेसमधलं वाक्य सांगितलं, बापाचं कात्रण सांगितलं, वस्ती सांगितली. काही झाकलं नाही. सांगताना त्यांना जाणवत होतं की मनात इतकी वर्षं मोठं वाटलेलं ते कारण या ओटीवर फार लहान दिसतंय.

"खरा हाय," केसरीनाथ म्हणाला. "तुमच्या मागं तुमची वस्ती व्हती. लोकांनी तुमाना सोडला नसता." मग त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. "माझ्या मागं तुमी हाव, असा मना वाटायचा."

कमांडरांना रडू आलं. ते रडले, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही, पाणीही विचारलं नाही.

शेवटी निशा पुढं आली. मघाचे डोळे आता कोरडे होते. "लिहून द्या," ती म्हणाली.

कमांडरांनी वही उघडली. कोऱ्या पानावर तारीख घातली आणि रोज लिहायचे तसंच लिहिलं: कुठलं विमान, किती उंची, कुठला दांडा. केसरीनाथ तरे यांच्या कामात कोणताही दोष नव्हता. मी खोटं सांगितलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. पान फाडून तिच्या हातात दिलं.

"दसऱ्याच्या आधी वस्तीत मी स्वतः सांगेन," ते म्हणाले.

"तुमचं सांगणं राहू द्या. त्याला तेहतीस वर्षं लागतात. मीच नेते तुमच्या वस्तीत."

बरोबरच होतं तिचं. संध्याकाळपर्यंत तो कागद संघरत्नाच्या हातात पडेल, हे कमांडरांना दिसत होतं. भिंतीला टेकवलेला फोटोही दिसत होता. मन हलकं होतं म्हणतात, ते काही झालं नाही. आत नुसतं रिकामं झालं होतं.

केसरीनाथनं त्या कागदाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "निशा," तो म्हणाला, "पलंगाखाली माझी पेटी हाय. आन."

ती आत गेली आणि मेणकापडात गुंडाळलेली लोखंडी पेटी घेऊन आली. आतले पाने तेल लावून ठेवले होते, एकावरही गंज नव्हता. केसरीनाथनं त्यातला एक न बघता उचलला, मापाचा तोच. मुलीच्या आधारानं अंगणात उतरला, ताडपत्री ओढून टाकली आणि त्या डिझेल इंजिनासमोर उकिडवा बसला.

पाना नटावर ठेवला की हात थरथरायचा आणि पाना निसटायचा. त्यानं दोन्ही हातांनी धरून पाहिला. पुन्हा निसटला. मनगट मांडीला रेटून पाहिलं. पुन्हा. निशा तोंड फिरवून उभी राहिली. कमांडरांना राहवलं नाही. ते दोन पावलं पुढं झाले, वाकले आणि पाना स्थिर धरायला त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नको."

केसरीनाथ ओरडला नव्हता. मान वर करूनही त्यानं पाहिलं नव्हतं. फक्त इतक्या वर्षांचं 'साहेब' आणि 'तुमी' गळून पडलं होतं. कमांडर हात मागं घेऊन उभे राहिले.

केसरीनाथनं पाना पुन्हा नटावर ठेवला. तो पुन्हा निसटला.